कलेक्टर व्हायचं म्हणता, तर आधी ही नोकरी आहे कशी ते नीट पाहून घ्या

आपल्याकडं गावात कोणत्याही पोट्ट्याला विचारा पुढं काय करायचं, बी.ए. झालेला असो का बी.एस्सी. ॲग्री, उत्तर ठरलेलं, यूपीएससी नाहीतर एमपीएससी. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत सकाळपासून जागा धरायला वह्या ठेवलेल्या राहतात. पण कलेक्टरच्या वर कोण असते, कलेक्टरकी संपल्यावर माणूस कुठं जाते, महाराष्ट्र नाही मिळाला तर काय, डेप्युटी कलेक्टर पुढं आयएएस होऊ शकते का, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात. पाच-सहा वर्षं ज्या नोकरीसाठी घालवायची ती नोकरी चालते कशी हेच माहीत नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटते. मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसात बरीच वर्षं काढली, नवीन आलेले साहेब अन् मॅडम जवळून पाहिले, म्हणून एकेक पायरी करून सांगतो. लांब आहे पण वाचा.

पहिली पायरी : ही नोकरी आली कुठून ते समजून घ्या

इतिहास म्हटलं की पोट्टे पानं उलटतात, पण कलेक्टरकडं एवढं सगळं काहून असते याचं उत्तर तिथंच आहे. १७७२ मधे वॉरन हेस्टिंग्जनं बंगालात जिल्ह्याजिल्ह्यात कलेक्टर बसवले, काम एकच, कंपनीसाठी जमिनीचा सारा गोळा करायचा. मग जमिनीचे भांडण, बंदोबस्त, तुरुंग, दुष्काळ असं एकेक काम त्याच माणसाच्या टेबलावर येत गेलं कारण जिल्ह्यात सरकारचा दुसरा माणूसच नव्हता. कॉर्नवॉलिसनं पगार चांगले केले, वरकमाई अन् खाजगी धंदा बंद केला. तेव्हा भरती मात्र कंपनीच्या डायरेक्टरांच्या ओळखीनं व्हायची, त्या पोरांना इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकवून इकडं पाठवत.

१८५३ च्या चार्टर ॲक्टनं ओळखीचा हा कारभार मोडला, १८५४ मधे मेकॉलेच्या समितीचा रिपोर्ट आला अन् १८५५ मधे लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. कागदावर खुली. परीक्षा लंडनला, पेपर इंग्रजीत, लॅटिन-ग्रीकला भरपूर मार्क, मग आपला कोण जाणार? तरी सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मधे पास झाले, पहिले भारतीय, अन् त्यांना मुंबई प्रांत मिळाला. पुढं १८७८ ला वयाची वरची अट १९ वर आणली, म्हणजे इथून बोटीनं जाऊन तिथल्या पोरांशी टक्कर द्यायला वेळच उरला नाही. दादाभाई नौरोजींपासून काँग्रेसपर्यंत सगळे वर्षानुवर्षं मागत राहिले की परीक्षा भारतातपण घ्या, ते १९२२ ला जमलं, अलाहाबादला. १९२६ ला पब्लिक सर्व्हिस कमिशन आलं, आजच्या यूपीएससीचं मूळ ते. आज नागपूरला प्रिलिमचं (पूर्व परीक्षेचं) सेंटर आहे अन् तुम्ही रात्रीच्या एसटीनं जाऊन पेपर देऊ शकता, यामागं साठ-सत्तर वर्षांची मागणी आहे हे ध्यानात असू द्या.

आपल्या भागाचं थोडं वेगळं होतं. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, नागपूरकडचा मुलूख धरून १८६१ मधे मध्य प्रांत झाला, १९०३ ला वऱ्हाड त्याच्या कारभाराला जोडला. इथं जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर नव्हे तर डेप्युटी कमिश्नर म्हणत, जुन्या मिसलीत अजून तशाच सह्या सापडतात. चिंतामणराव देशमुख १९१८ च्या आयसीएस (इंग्रजांच्या काळातली इंडियन सिव्हिल सर्व्हिस) परीक्षेत पहिले आले, ते मूळचे कोकणातले, पण नोकरी मिळाली आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. तेच पुढं १९४३ मधे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले अन् १९५० ला देशाचे अर्थमंत्री.

स्वातंत्र्याच्या वेळी पुष्कळ लोकांचं म्हणणं होतं की इंग्रजांची ही चौकट मोडून टाका, अन् राग साहजिक होता, याच साहेबांनी आपली माणसं तुरुंगात टाकली होती. सरदार पटेल ठाम राहिले. २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमधे त्यांनी नव्या आयएएसच्या पहिल्या तुकडीपुढं भाषण केलं, म्हणूनच २१ एप्रिलला सिव्हिल सर्व्हिसेस डे असते. ऑक्टोबर १९४९ मधे संविधान सभेतपण त्यांनी या सेवेची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा असा की अधिकाऱ्याला मंत्र्यापुढं खरं बोलता आलं पाहिजे, तरच देश एकत्र राहील. याच विचारातून संविधानात कलम ३११ आहे, चौकशी करून बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही (अपवाद आहेत, ते कलमातच दिलेत), अन् कलम ३१२ आहे, त्यात अखिल भारतीय सेवांची तरतूद. अशा सेवा आज तीनच, आयएएस, आयपीएस अन् १९६६ ला सुरू झालेली वन सेवा. नेमणूक केंद्र करते, काम राज्यात, बदली राज्य करते पण काढून टाकायचा अधिकार राज्याला नाही. ही दुहेरी गाठ डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं हिच्यावर चालते.

दुसरी पायरी : दारं किती ते मोजा

आयएएसमधे जायला एकच दार आहे असं पोट्ट्यांना वाटते. दारं तीन आहेत. पहिलं सरळ यूपीएससी, गेली बरीच वर्षं यातून साधारण १८० जण दरवर्षी घेतात, पूर्ण देशातून. दुसरं, राज्यसेवेतून प्रमोशन, म्हणजे एमपीएससीनं डेप्युटी कलेक्टर व्हायचं अन् मग सिनिऑरिटी अन् गोपनीय अहवालावर निवड. किमान आठ वर्षं डेप्युटी कलेक्टरकी पाहिजे पण महाराष्ट्रात प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी जास्त लागतात. राज्यातल्या वरिष्ठ पदांचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा या प्रमोशनवाल्यांचा. तिसरं दार बारीक आहे, महसूल सोडून राज्याच्या इतर खात्यातले चांगले अधिकारी निवडीनं घेतात, त्याच हिश्शातून थोड्या जागा.

म्हणून घरच्यांनी "यूपीएससी का एमपीएससी" असं विचारलं तर उत्तर असं द्या की एमपीएससीचा डेप्युटी कलेक्टरपण पन्नाशीत आयएएस होऊ शकते, फक्त सेक्रेटरीपर्यंत पोचायला त्याच्याकडं वर्षं उरत नाहीत. बावीस-तेविसाव्या वर्षी सरळ लागलेला माणूस मुख्य सचिव पदापर्यंतचा रस्ता चालू शकते. अन् २०२५ पासून एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षापण लेखी, वर्णनात्मक झाली, त्यामुळं दोन्हीचा अभ्यास आता बराचसा एकच आहे.

तिसरी पायरी : कागदं, अन् यात हयगय नको

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून मी जास्त सांगतो, कारण आमच्या टेबलावर रडकुंडीला आलेले पोट्टे दरवर्षी येतात.

जातीचा दाखला अन् नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागते. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा, राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आपल्याकडं व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) वेगळे गट आहेत, केंद्रात ते गट नाहीत, तिथं जात यादीत असेल तर ओबीसीतच धरतात. सेतूत अर्ज टाकताना केंद्र शासनासाठी असं स्पष्ट निवडा, अन् जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आतला दाखला हातात पाहिजे, एक दिवस इकडं-तिकडं झाला तर खुल्या गटात जाता अन् तिथं वय अन् अटेम्प्ट दोन्ही कमी.

कास्तकाराच्या घरासाठी एक मोठा फरक आहे. ओबीसी नॉन-क्रिमिलेअरच्या आठ लाखांच्या हिशोबात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमधे (आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणात) मात्र शेतीसकट सगळं उत्पन्न धरतात, अन् वरून कुटुंबाकडं पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर केंद्राचा ईडब्ल्यूएस मिळतच नाही, मग ते वावर कोरडवाहू असो का ओलिताचं. बापाच्या नावचा सातबारा, आईच्या नावचा सातबारा, सगळं जोडून पाहा अन् मगच ठरवा.

वय २१ ते ३२, ओबीसीला ३५, एससी-एसटीला ३७. खुल्या गटाला सहा अटेम्प्ट, ओबीसीला नऊ, एससी-एसटीला वयाच्या आत कितीही. प्रिलिमच्या एका पेपरला बसलात तरी अटेम्प्ट गेला, नुसता फॉर्म भरून नाही गेलात तर जात नाही. प्रिलिमची फी १०० रुपये, मुलींना, एससी-एसटीला, दिव्यांगांना माफ.

चौथी पायरी : परीक्षा, थोडक्यात

याच्यावर सगळीकडं लिहिलेलं आहे म्हणून लवकर उरकतो. प्रिलिममधे जीएसचे (सामान्य अध्ययन) १०० प्रश्न २०० मार्कांचे, चुकलं की एक तृतीयांश कापतात. सीसॅट (गणित, तर्क अन् उताऱ्यांचा दुसरा पेपर) ८० प्रश्नांचा, त्यात ३३ टक्के पडले की झालं, पण आपले बी.ए. वाले तिथंच अडकतात म्हणून रोज तासभर गणित अन् इंग्रजी उतारे करा. प्रिलिमचा पेपर हिंदी-इंग्रजीतच असते, मेन्स (मुख्य परीक्षा) मात्र मराठीत लिहिता येते अन् इंटरव्ह्यूपण मराठीत देता येते. मेन्सला इंग्रजी अन् मराठीचे ३०० मार्कांचे दोन पेपर पास करायचे, २५ टक्के, ते मेरिटमधे धरत नाहीत, पण त्यात गेलात तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. मेरिटचे १७५० अन् इंटरव्ह्यूचे २७५, एकूण २०२५.

दिल्लीला जायला पैसे नसतील तर नागपूर अन् अमरावतीला सरकारची आयएएस पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, एंट्रन्स देऊन जागा मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्यापण योजना निघतात, महाज्योतीचं ऑफिस नागपुरातच आहे. कर्ज काढून अन् बैलजोडी विकून पोरं दिल्लीला पाठवलेली मी पाहिली आहेत, त्याआधी ही दारं ठोका.

पाचवी पायरी : पसंतीक्रम भरताना विचार करा

रँक आला म्हणजे आयएएस आलं असं नाही. रँक, तुमचा पसंतीक्रम, आरक्षण, जागा असं सगळं जुळून सेवा ठरते, आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवा, आयआरएस अन् बाकीच्या. त्यानंतर केडर, म्हणजे कोणत्या राज्यात आयुष्य काढायचं. केडर वाटपाचे नियम सरकार बदलत राहते म्हणून त्या वर्षीचा नियम वाचाच, पण मूळ तत्त्व जुनं आहे, साधारण एक तृतीयांश लोक स्वतःच्या राज्यात अन् दोन तृतीयांश बाहेरच्या. म्हणजे चांगला रँक असूनपण तुम्ही ओडिशात, नागालँडमधे किंवा तामिळनाडूत जाऊ शकता, तिथली भाषा शिकून परीक्षा पास करावी लागते. महाराष्ट्रात येणारे कितीतरी साहेब बाहेरचे असतात, मेळघाटात कोरकू अन् गडचिरोलीत माडिया ऐकून भांबावलेले, तरी वर्षभरात मराठीत सुनावणी घेतात. आईबापापासून लांब तीस-पस्तीस वर्षं राहायची तयारी आहे का, हे फॉर्म भरण्याच्या आधी घरी बसून बोला. पोरींच्या घरी तर हे नक्की बोला, नंतर लग्नाच्या वेळी वाद होतात.

सहावी पायरी : मसुरी अन् मग आपल्या गावात

मसुरीची लाल बहादूर शास्त्री अकादमी १९५९ पासूनची. १५ आठवड्यांचा फाउंडेशन कोर्स सगळ्या सेवांचा एकत्र, हिमालयात ट्रेक, खेड्यात मुक्काम. मग आयएएसवाल्यांचा फेज वन, भारत दर्शन, अन् जवळपास वर्षभर जिल्ह्यात प्रशिक्षण, पुन्हा मसुरीला फेज टू. पुढं काही आठवडे दिल्लीत असिस्टंट सेक्रेटरी म्हणून काम.

जिल्ह्यातलं ते वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. प्रोबेशनर साहेबाला काही दिवस पटवाऱ्याचं काम स्वतः करावं लागते, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात पटवारीच. एक मॅडम आमच्याकडं होत्या, नाव नाही सांगत. बाप वारला, तीन भाऊ अन् एक बहीण, वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवायची नोंद. पटवाऱ्यानं नोंद घेतली, सगळ्यांना नोटीस निघाली, हरकतीला १५ दिवस, मग आरआयनं (महसूल निरीक्षकानं) प्रमाणित करायचं. अर्जात बहिणीचं नावच नव्हतं. मॅडमनी विचारलं बहीण कुठं आहे, भाऊ म्हणाले लग्न होऊन वणीकडं गेली, तिला काही पाहिजे नाही. मॅडम म्हणाल्या, तसं असेल तर तिनं येऊन सांगावं, तोवर नाव लागेल. बहीण आली, म्हणाली हक्कसोड मी देत नाही. पुस्तकातला हिंदू वारसा कायदा अन् चावडीवरचा वारसा कायदा यात किती अंतर आहे ते त्यांना त्या एका फेरफारात कळलं, अन् पुढं एसडीओ असताना बहिणींची नावं सुटलेल्या फायली त्या वेगळ्या काढून पाहत.

सातवी पायरी : पहिली दहा वर्षं

पहिली पोस्टिंग सहसा सहायक जिल्हाधिकारी, म्हणजे एसडीओ. आपल्याकडं बऱ्याच जणांना त्याच्यासोबत आदिवासी विकास प्रकल्पाचं कामपण देतात, धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड, ही ठिकाणं ऐकूनच माहीत असतील. आश्रमशाळेतलं जेवण, पोरींचं होस्टेल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, सगळं अंगावर. वनहक्क कायदा २००६ चा, त्यातले दावे ग्रामसभेकडून एसडीओच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडं येतात अन् पुढं कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचा कागद याच वाटेनं गेला. एका एसडीओनं फाईल दाबून ठेवली तर पूर्ण गाव अडते.

चार वर्षांनी सिनिअर स्केल, म्हणजे पगाराची वरची श्रेणी. मग झेडपीचा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), शाळा, अंगणवाडी, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), घरकुल, अन् सोबत निवडून आलेले पदाधिकारी. माझ्या मते माणूस घडते ते सीईओच्या खुर्चीत, कारण तिथं नुसता आदेश काढून भागत नाही. काही जण महापालिकेत आयुक्त म्हणून जातात.

मग कलेक्टर. जिल्हा दंडाधिकारी तोच, निवडणूक अधिकारी तोच, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष तोच, जिल्हा नियोजन समितीचा सदस्य सचिव तोच. अन् आपल्या विदर्भात एक काम आहे जे कोणत्याच कोचिंगमधे शिकवत नाहीत. शेतकरी आत्महत्या झाली की प्रकरण कलेक्टरच्या समितीपुढं येते, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, नापिकी होती का, असं पाहून पात्र का अपात्र ठरते. पात्र झालं तर एक लाखाची मदत. त्या फायलीत पंचनामा, बँकेचा दाखला, सातबारा लावलेला असते अन् एक विधवा बाई बाहेर बाकावर बसलेली असते. कर्ज सावकाराचं असलं, कागद नसला, तर अपात्र. नियमात राहून त्या बाईसाठी काय करता येते, घरकुल, निराधार योजना, पोरांची फी, हे शोधणारा कलेक्टर अन् नुसती सही करणारा कलेक्टर, दोन्ही असतात. तुम्हाला खुर्ची पाहिजे तर या फाईलची तयारी मनाशी ठेवा.

आठवी पायरी : कलेक्टरकीनंतरची शिडी

गावातला समज असा की कलेक्टर म्हणजे शेवट. खरं म्हणजे ती एक तृतीयांश वाट. सातव्या वेतन आयोगाचे मूळ पगार देतो, वरून महागाई भत्ता वेगळा, नवीन आयोग लागला की आकडे बदलतील. सुरुवात ५६,१०० वर. चार वर्षांनी ६७,७००, नऊ वर्षांनी ७८,८००, तेरा वर्षांनी सिलेक्शन ग्रेड १,२३,१००, सोळा वर्षांनी सुपर टाइम स्केल १,४४,२००, इथं माणूस मंत्रालयात सचिव किंवा विभागीय आयुक्त अशा जागी बसते. आपल्या विदर्भात दोन विभागीय आयुक्त, नागपूरकडं सहा जिल्हे, अमरावतीकडं पाच. पंचवीस वर्षांच्या आसपास प्रधान सचिव, १,८२,२०० पासून. तीस वर्षांनी अपर मुख्य सचिव अन् त्यातूनच मुख्य सचिव, २,२५,०००. देशातलं सगळ्यात वरचं पद कॅबिनेट सेक्रेटरी, २,५०,०००. ही वर्षं म्हणजे पात्रतेची किमान मर्यादा, जागा नसली तर थांबावं लागते.

मधे दिल्लीची वाट फुटते. केंद्रात डेप्युटी सेक्रेटरी, डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी असं जाता येते, पण जॉइंट सेक्रेटरी व्हायला आधी पॅनेलवर, म्हणजे केंद्रानं निवडलेल्या यादीत, नाव लागते, अन् २००७ च्या बॅचपासून पुढच्यांना त्यासाठी केंद्रात डेप्युटी सेक्रेटरी-डायरेक्टर म्हणून किमान दोन वर्षं काढणं सक्तीचं आहे. आयुष्यभर जिल्ह्यातच राहीन म्हणणाऱ्याला ही वाट मिळत नाही.

बदल्यांचं पण ऐका. सुप्रीम कोर्टानं ३१ ऑक्टोबर २०१३ ला टीएसआर सुब्रमण्यम प्रकरणात सांगितलं की अधिकाऱ्याला ठराविक मुदत द्या, बदलीसाठी सिव्हिल सर्व्हिसेस बोर्ड नेमा. त्यानंतर केडर नियमात दोन वर्षांची मुदत आली. तरी मुदतीआधी बदल्या होतात, कारणं लिहून होतात. पोरांच्या शाळा बदलतात, नवरा-बायको दोघं नोकरीत असले की दोन घरं होतात.

शेवटची पायरी : आता घरून काय करायचं

केंद्राच्या डीओपीटीच्या (कार्मिक विभागाच्या) वेबसाइटवर सिव्हिल लिस्ट, म्हणजे आयएएस अधिकाऱ्यांची यादी, असते, मोबाईलवर उघडते. तुमच्या जिल्ह्याच्या कलेक्टरचं नाव टाका, बॅच कोणती, केडर कोणतं, सरळ भरती का राज्यसेवेतून प्रमोशन ते दिसते, अन् एक्झिक्युटिव्ह रेकॉर्ड शीटमधे आतापर्यंतच्या पोस्टिंगा तारखेसकट दिसतात. अशा पाच जणांच्या शीट काढा, दोन सरळ भरतीचे, दोन प्रमोशनचे, एक दिल्लीत असलेला. वहीत शेजारी शेजारी लिहा, कोण किती वर्षांनी कलेक्टर झालं, एका खुर्चीत किती महिने राहिलं, कोणत्या खात्यात गेलं. मग एखाद्या दिवशी तहसीलला जाऊन सुनावणीच्या वेळी मागं उभं राहून ऐका, महसुली केसेसची सुनावणी उघड असते, कोणी हाकलत नाही. जाताना स्वतःच्या घरचा सातबारा अन् फेरफार वाचून जा. त्यातलं जे समजलं नाही ते आमच्यासारख्या कारकुनाला विचारा, दुपारी तीननंतर टेबल जरा मोकळा राहते.